वाडीचा एकच मेल

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर आमचे वाचनालय होते. कुडपणची गाडी लागेपर्यंत नूतन तिथे येऊन बसे. आठवडाभर ती पोलादपुरात मावशीकडे राही, महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाई, आणि सुट्टीला वर गावी. जुन्या दिवाळी अंकांतला एखादा काढून ती कोपऱ्यात वाचत बसायची. आम्ही दोघेही कमी बोलणारे, त्यामुळे आमचे बरे जमले.

एकदा अंक मिटून ती म्हणाली, "काका, मला फिट येतात. म्हणजे यायच्या. आता गोळ्या चालू हायत. दोन वर्षांत एकदाही नाय."

"चंदनला ठाऊक आहे?"

चंदन महाडजवळच्या सव गावचा, तिच्याच कारखान्यातला. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते आणि घरच्यांनी लग्न ठरवले होते.

"नाय. आई-आबांशिवाय कोणालाच नाय. आईला म्हटलंय, तू मधे पडू नको. मीच सांगणार त्याला. पण कसं सांगू तेच कळत नाय."

मलाही कळत नव्हते. पुस्तकांत असल्या प्रसंगी लोक फार चांगले बोलतात. मला त्यातले एकही वाक्य आठवले नाही.

पेपरात तिने एका वेबसाइटची जाहिरात पाहिली. डॉक्टरला प्रश्न विचारा, नाव गुप्त ठेवू. पियुषच्या सायबर कॅफेत बसून तिने एकेका बोटाने प्रश्न लिहिला. खाली पूर्ण नाव घातले, कारण डॉक्टरशी खोटे कसे बोलायचे? मग उत्तरासाठी ईमेल विचारला होता. तिने कुडपणचा मेल दिला.

कुडपणला मेल होता, आणि तो एकच होता. रावजीच्या दुकानातल्या एका फोनवर सगळ्या वाडीचे निरोप येत, तसाच तो पियुषने सगळ्यांसाठी काढलेला. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची पत्रे त्यावर येत. पियुष ती छापून कंडक्टरकडे देई, आणि रावजी ती दुकानाच्या पायरीवर मोठ्याने वाचून दाखवी. पासवर्ड पियुषला ठाऊक आणि मुंबईच्या मंडळालाही.

नूतनला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण नावाने आलेले पाकीट रावजीने आजवर कधी फोडले नव्हते. तो तसाच, न फोडता, ज्याच्या त्याच्या हातात देई. आपल्या नावाचे उत्तरही तो तसेच देईल, असे तिने धरले. छापलेल्या कागदाला पाकीट नसते, हे तिच्या लक्षात आले नाही.

रावजीनेच मला नंतर सांगितले. "मला वाटलं पूजेच्या वर्गणीचं हाय. वाचत सुटलो. वर तिचाच प्रश्न छापलेला. 'मला आकडी येते, लग्न ठरलंय,' इथवर आलो नि जीभच अडकली. पण बायका बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं. कागद घडी करून तिच्या आईच्या, जनीच्या हातात दिला मी. वाईट मनात नव्हतं हो माझ्या."

त्याच्या मनात काहीच वाईट नव्हते. डॉक्टरचे उत्तरही चांगले होते. आजार ताब्यात आहे, लग्न जरूर करा, मात्र होणाऱ्या नवऱ्याला तुम्ही स्वतः आधी सांगा. पण तोवर तो मेल मुंबईत मंडळातल्या कोणीतरी उघडला होता.

पुढच्या सुट्टीच्या आधी चंदन वाचनालयात आला. नूतन कोपऱ्यात होती. मी उगाच मासिके लावत राहिलो.

"भांडुपच्या मावशीचा फोन आला, तिच्या चाळीत तुमच्या मंडळाची माणसं हायत," तो उभ्यानेच म्हणाला. "आई म्हणते, पोरीला आकडी येते म्हणं, तुला ठाऊक हाय का? मी म्हटलं, साफ खोटं, कोणीतरी जळतंय आमच्यावर. ताटावरनं उठलो मी. भांडलो तिच्याशी तुझ्यासाठी."

"मी सांगणार होते रे तुला."

"सगळ्यांचं झाल्यावर?"

"कोणालाच नव्हतं सांगितलं. डॉक्टरला फक्त विचारलं, तुला कसं सांगू म्हणून."

"मग भांडुपला कसं कळलं?"

आईच्या निरोपातून कळलेले मेलचे सगळे तिने सांगितले. तो ऐकत होता. पण कॉम्प्युटरपुढे तो कधी बसलेला नव्हता, आणि डॉक्टरला विचारलेली गोष्ट दुकानाच्या पायरीवर कशी पोचते, हे त्याला काही केल्या पटेना.

"असली गोष्ट कोण वाडीच्या नावावर मागवतं गो?"

"माझा दुसरा कुठला मेल हाय?"

तो हळू आवाजात म्हणाला, "आजाराचं काय नाय. माझ्या चुलत्यालाही होता. तू सांगितलं असतंस तर मी आईला समजावलं असतं. आता मी काय बोलू तिच्यापुढं? माझ्याआधी ती, तिच्याआधी मावशी..." बोलणे अर्धे टाकून तो खाली उतरला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

नूतनने अंक जागेवर ठेवला, पदर खोचला आणि "येते काका" म्हणून गेली.

कुडपणची गाडी लागली होती. मी तिच्या मागोमाग गाडीपर्यंत गेलो. एरवी ती दाराशी उभी राहून जाई. आज आत शिरताच शेजारच्या तुळसाने हाक मारली.

"नूतन, इकडं ये गो. खिडकीशी बस, वारा लागंल."

"मी बरी हाय, काकी. उभी राहते."

"उभं नाय राहायचं तू. सरका गो बायांनो, सरका." बायका सरकल्या. कोणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगितले, वळणावर सावकाश घ्या, आजारी पोर हाय. माना वळल्या.

नूतन खिडकीशी बसली. तुळसाने पिशवीत हात घालून एक कांदा काढला आणि तिच्या मुठीत दिला.

"आकडी आली तर हुंगायला बरा असतो. आता तुझ्याजवळच असू दे. मी रोज आणत जाईन."

गाडी हलली. नूतनने माझ्याकडे पाहिले नाही. मांडीवरचा कांदा दोन्ही हातांनी झाकून ती समोर बघत होती.