चादरीखालची पट्टी

"बाबा, दाबा की. नुसता हात उचलून टेकवा," आमचे हे तिसऱ्यांदा म्हणाले.

सासऱ्यांचा हात चादरीवर पडून होता. चादरीखाली ह्यांनी प्रयोगशाळेतून आणलेली पट्टी होती आणि तिला जोडलेली स्वयंपाकघरातली घंटी काही केल्या वाजत नव्हती. अर्धांगाच्या झटक्याने बाबांची वाचा गेली होती, उजवी बाजूही. हाक मारता येत नाही म्हणून ते ओल्या अंथरुणात तसेच मुकाट पडून राहायचे. जन्मभर लोकांना नीटनेटके कपडे शिवून देणारा हा शिंपी. माझा जीव तुटायचा.

ह्यांची नोकरी म्हणजे दिवसभर प्लॅस्टिक जाळायचं. असं म्हटलं की हे चिडतात. पिवळट फिल्मवर लेझर फिरला की काळी नक्षी उमटते. ती काजळी नव्हे म्हणे, कार्बनचं डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक जाळं. त्यावर दुसरा थर घातला की स्पर्शाने, घासण्याने तिथे कणभर वीज तयार होते आणि हात लागल्याचं कळतं.

"घंटीला घरातली वीज लागते, पण पट्टीला बॅटरीसुद्धा नको. स्वतःचं स्वतः भागवते," हे कौतुकाने सांगायचे.

"मग तुमच्यापेक्षा बरी," मी म्हणायचे. ह्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नाही.

पण बाबांपुढे पट्टीचं काही चालेना. हात टेकला, उचलला, तरच तिच्यात वीज यायची. बाबांचा डावा हात हलायचा, पण उचलला जात नव्हता. ह्यांनी पट्टी स्वतःच्या धडधाकट हाताने तपासून आणली होती. हे खाली मान घालून वायर सोडवू लागले.

तेवढ्यात चादरीला पडलेली सुरकुती बाबा तळव्याने सारखी करू लागले. सावकाश, कापड बेतण्याआधी करायचे तशी. हे बघतच राहिले.

"दाबायची नकोच," हे म्हणाले. "घासायची करतो."

दुसऱ्या दिवशी आडव्या काळ्या रेघांची लांब पट्टी आली. हात फिरेल तसं सरकेल असं वरचं कापड मी बाबांच्याच मशीनवर शिवलं. बाबांनी हात फिरवला. घंटी वाजली. त्यांचा अर्धा चेहरा हसला.

मग काय, पाण्याला घंटी, कूस बदलायला घंटी. "आलो, बाबा," म्हणत हे हातातलं काम टाकून धावायचे. कधीकधी काहीच नको असायचं. बाबा नुसते बघत राहायचे. "थट्टा करता होय माझी?" म्हणत हे त्यांच्या पायाशी बसायचे.

बाबा जाऊन महिना होत आला तेव्हा कुठे मी त्या पलंगावर धुतलेली चादर घातली. सवयीने वरून हात फिरवला आणि घंटी वाजली.

"आलो, बाबा."

हे न्हाणीघरातून धावत आले, अर्ध्या गालाला साबण. दारातच थांबले. मग हे आत आले आणि पलंगावर आपल्या नेहमीच्या जागी, पायाशी बसले.

"काढून टाकायची का?" मी विचारलं.

"राहू दे. बॅटरी थोडीच लागते."

ह्यांनी चादरीवरची सुरकुती तळव्याने सारखी केली. स्वयंपाकघरात घंटी वाजली. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.