कॅमेरा खाली

लग्नाचं शूटिंग शिकताना मला पहिला धडा मिळाला तो लाइटचा नव्हे, भांडणाचा. कामतघरला मोहिउद्दीनचाचांचा व्हिडिओ स्टुडिओ होता, तिथे मी कॅमेरा धरायला शिकलो. चाचा म्हणायचे, "भावेश, झगडा हुआ कि कॅमेरा नीचे. शादी की कॅसेट में झगडा नहीं रहता." आमच्याकडे हळदीत भांडणाला काय तोटा? मानाची टोपी द्यायची राहिली, कुणाला पंगतीत शेवटी बसवलं, की झालंच सुरू. आवाज चढला की माझा हात आपोआप खाली यायचा. नंतर त्या जागी एखादं गाणं चढवायचं. बारा वर्षांत या हातानं किती घरांची अब्रू झाकली म्हणून सांगू! आणि त्याचा मला अभिमान होता, मूर्खाला.

तुळजाकाकी वळ गावची. गोदामात पॅकिंगला जायची. शेजारच्या गोदामाला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत तीन बाया होत्या. त्यातली एक रोज काकीबरोबर डबा खायची. तेव्हापासून काकी गोदामागोदामाची कुलपं बघत हिंडायला लागली, अर्ज करायला लागली. धमक्या आल्या, घरावर दगड आले. मग ठाण्याच्या एका संस्थेच्या बैठकीत कुणीतरी तिला सांगितलं की कॅमेऱ्यासमोर माणूस हात उचलायला कचरतो. दुसऱ्याच दिवशी बाई माझ्या दारात हजर.

"तुझा तो मोठा, खांद्यावरचा घेऊन ये," ती म्हणाली. "बारक्याला कोन घाबरतंय?"

तिच्या पोरीची, उन्नतीची हळद मीच काढली होती, नाही कसं म्हणणार? चार-पाच वेळा गेलो. आत कॅसेट नसायचीच, नुसता लाल दिवा लावायचा. गोदामाची माणसं शिव्या गिळायची, चक्क केस नीट करायची. काकी नंतर पोट धरून हसायची. "बघ कशी लाजतान, नवरीसारखी!"

२००७ च्या मार्चमध्ये एकदा ती म्हणाली, "आज कॅसेट टाक. उद्या तपासणीला मोठे साहेब येतान. त्यांना कुलूप दिसाया पायजे."

सकाळी अकराला आम्ही पोचलो. दाराला बाहेरून कुलूप, आतून बायांचे आवाज. मी कुलपावर कॅमेरा धरतो न धरतो तोच जीप आली. चार माणसं उतरली आणि मागून चिंधूमामा. गोदामाची जागा मामाची, आणि मामा माझ्या आईचा चुलतभाऊ. त्याच्या पोराचं लग्नही मीच काढलेलं. माणसांनी आवाज चढवला. काकीनं त्याहून वर चढवला. मामा माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाला, "भावेश, आरं घरातलंच हाय. खाली घे तो."

आणि मी घेतला.

घाबरून घेतला असता तरी एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. मी घाबरलोच नव्हतो. भांडण ऐकलं आणि हात खाली आला, इतकंच. काकीनं मामाकडे पाहिलं नाही, त्या चौघांकडेही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "भावेश, उचल," म्हणाली. मी उचलायच्या आत तिला ढकललेलं होतं आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ढकलणारा मी पाहिला, जबाबही दिला. ते चौघं म्हणाले, बाई पाय घसरून पडली. वकिलांनी कॅसेट तीनदा लावून पाहिली. आधी कुलूप दिसतं, मग जमीन, मग माझी चप्पल. गडबडीत मी कॅमेरा बंद करायला विसरलो होतो, म्हणून एवढं तरी आलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड गेली, पण त्यासाठी दुसरीला मरावं लागलं.

महिन्याभरानं उन्नती माझ्याकडे आली. घरी आईचे फोटो होते तिच्या. तिला आवाज हवा होता.

"दादा, माझ्या हळदीत आई किती बोलत व्हती," ती म्हणाली. "ती कॅसेट लाव ना."

लावली. काकी होती, गालाला हळद फासलेली, नाकातली नथ सावरत. मांडववाल्यावर चिडून तिनं तोंड उघडलं आणि कट. पुढे गाणं. पुन्हा एकदा दिसली, कुणाला तरी दटावत होती, तिथेही गाणं. मूळ कॅसेटवर मी कधीच पुढचं लग्न शूट केलं होतं. उन्नती पूर्ण दोन तास ओठ हलताना बघत राहिली.

"कुठंच न्हाय का?"

नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण कपाटात त्या दिवसाच्या कॅसेटची कॉपी होती. मी ती लावली. कुलूप आलं, जमीन आली, माझी चप्पल आली.

"भावेश, उचल."

उन्नती रडली नाही. "मागं घे," म्हणाली. मी मागे घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. सहाव्या की सातव्या वेळी मला ते सहन होईना, आणि मी टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे, दादा. आई बोलतेय."