येळवशीचा पाहुणा

ठसा माझ्या पसरलेल्या पंजाएवढा होता आणि त्यात नखं उमटलेली नव्हती. कुत्रं असो की तडस, त्याची नखं मातीत दिसतात. वाघ नखं आत ओढून चालतो.

चाकूर तालुक्यात वाघ! वनरक्षक होऊन मला सहा वर्षं झाली. हरणं मोजली, मोर मोजले, विहिरीत पडलेलं कोल्हं काढलं. आणि आज ओढ्याच्या ओल्या मातीत हे! घाईघाईत मोबाईलवर काढलेला फोटो हलला. साहेबांना पाठवला, तर म्हणाले, "पंचशीला, यात काय दिसतंय? तडस असेल. नीट फोटो पाठव."

नीट काढायला वळले, तर समोरून अख्खं गाव येत होतं. येळवस होती ना! वेळा अमावस्येला आमच्याकडे गावात चिटपाखरू राहत नाही. बैलगाड्या, ट्रॅक्टर, डोक्यावर आंबिलीची मडकी, सगळे आपापल्या शेतात जेवायला. मी हात आडवे करून ओरडत राहिले, पण सणाच्या गर्दीला कोण अडवणार? पाच मिनिटांत ठशाचा चिखल झाला.

ठसा गेला त्याचा संताप होताच, पण खरा घोर पुढे होता. ओढ्याला लागून शेषेरावकाकांचा हरभरा. त्याभोवती तार. रानडुकरांसाठी काका दिवस मावळला की तारेत करंट सोडतात, हे साऱ्या गावाला माहीत आणि बोलत कुणीच नाही. वाघ अंधार पडल्यावर निघणार, आणि ओढ्यानं निघाला की तारेवरच येणार.

मी थेट त्यांच्या शेतातल्या कोपीवर गेले. "काका, आज करंट सोडू नका. वाघ हाय."

"वाघ?" काका हसले. "हितं बिबट्या बी कुणी बघितला न्हाई. आन् कसला करंट? म्या कुठं सोडतो?"

कायदा दाखवला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि माझी पाठ वळताच बटण दाबलं असतं. मी ओळखून आहे.

"आधी जेव," ते म्हणाले. "येळवशीला आपल्या शिवारात आलेलं कुणी उपाशी जात न्हाई."

कडब्याच्या कोपीपुढे बसले. काकांच्या बायकोनं, सिंधुकाकूंनी, वाढलं: भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. माझं लक्ष सारखं तारेकडे. एवढ्यात सिंधुकाकूंनी नाक वर केलं. "कोण भात शिजवायलंय? बासमती हाय. येळवशीला रानात भात! शेजारच्या नव्या सुनंला कुणी सांगितलंच न्हाई वाटतं." आणि भज्जीची वाटी घेऊन त्या सुनेला शिकवायला निघाल्यासुद्धा.

भात! बासमती! माझ्या डोक्यात एकदम घंटा वाजली. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, वाघ झाडावर मुताची पिचकारी मारून हद्द आखतो आणि त्या मुताला शिजल्या बासमतीचा वास येतो. हसलो होतो आम्ही सगळे तेव्हा.

"काकू, थांबा!" मी उष्ट्या हातानं धावले. मागून काका.

काकू बांधावरच्या बाभळीपाशी वाटी धरून उभ्या होत्या. "अगं, हितं तर चूल बी न्हाई."

खोडावर कमरेएवढ्या उंचीला ओला डाग होता. त्याच्या वर सालीवर नखांचे लांब ओरखडे, आतलं लाकूड ताजं, लालसर. काकांनी हात वर केला. बोटं पोचली नाहीत.

"काकू, हा भात न्हाई. वाघाचं मूत हाय."

"अगं बया!" वाटी खाली पडली.

आता मला कोण थांबवणार? मी बोलतच सुटले. "नर असणार, काका. दोन-तीन वर्षांचा झाला की आईला सोडतो, स्वतःचं रान शोधत शे-दोनशे कोस चालतो. झाडाझाडावर 'मी आलोय' म्हणून सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. हितं त्याला उत्तर देणारं कुणी न्हाई." मी तारेकडे बोट दाखवलं. "शिवारात आलेलं कुणी उपाशी जात न्हाई म्हणालात. ह्याला करंट वाढता का?"

काका वळले. तारेला करंट देणाऱ्या मोटारीच्या पेटीकडे गेले, फ्यूज काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "रातभर तुझ्याकडं ठिव. मला माझाच भरवसा न्हाई."

पुढे नुसती धावपळ! ओरखड्यांचा फोटो गेला आणि साहेबांचा लगेच फोन, "निघालोच!" संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे गवताचा पलिता, पिकाभोवती फिरवला की लोक घरी परततात; तो मी चार वाजताच फिरवायला लावला. लोकांनी शिव्या घातल्या, पण ऊन असेतोवर शिवार रिकामं झालं. साहेबांनी आणलेला कॅमेरा आम्ही तारेजवळच्या खांबाला बांधला.

सकाळी उजाडल्यावर साहेब, मी, काका, काकू एकाच छोट्या पडद्यावर डोकी घालून उभे होतो. पहाटे चार दहा. तारेवरून पुढचे पाय पलीकडे टाकलेला, अंगभर पट्टे ल्यालेला वाघ! आणि त्याच्या तोंडात रानडुक्कर.

"आपलंच डुक्कर," काकू म्हणाल्या. "हरभरा खाऊन माजलेलं."

मी नाचायचीच बाकी होते. मग आठवण झाली, खिशातला फ्यूज काढून काकांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. "ठिव तुझ्याकडंच," ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "जेवून गेला की गं पाहुणा."