खांदे आवरायची गोष्ट

काचवाल्याला दोन हात मिळाले होते, आणि दोन्ही डावेच.

एक दाखवायचा, एक कामाचा. दाखवायचा हात रबरी, गोरापान, नखांसकट. काचवाला स्वतः तव्याच्या बुडासारखा. त्यामुळे वाटायचं, कुणा गोऱ्या माणसाने याच्या बाहीत हात घातला आणि काढायला विसरला. कामाचा हात म्हणजे स्टीलचा हुक. दोन वाकडी बोटं, एक वायर, आणि पाठीवरून दुसऱ्या खांद्याला गेलेला पट्टा. खांदा उचलला की वायर ताणते, हुक उघडतो. खांदा सोडला की मिटतो.

मेहुण्याला अर्थातच गोरा हात आवडला. काचेचं दुकान मेहुण्याचं. कापायच्या टेबलावर मात्र इतकी वर्षं काचवाल्याचं राज्य. काचांची पेटी कलंडून त्याचा हात कोपराखाली गेला, तसं मेहुण्याने त्याला दाराशी फोनच्या खुर्चीवर बसवलं.

"दाजी, गोरा हातच घालत जा. हुक बघून लोक बिचकतात."

टेबल त्याने स्वतः घेतलं. तो काच कापायला लागला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज यायचा. तुकडे बघून काचवाल्याला वाटे, उंदरांना कामाला लावलं असतं तर कड याहून सरळ आली असती.

त्याला एकच गोष्ट हवी होती, टेबल. पण आडवा येत होता त्याचा स्वभाव. हा गडी जन्मभर बोलण्याऐवजी खांदे उडवत आलेला. पाहुणे आले? खांदे. शेजारी पडला? खांदे. लग्नाला हो म्हणतानाही यांनी खांदेच उडवले होते, असं बायको अजून सांगते.

आता खांदे उडाले की हुक उघडायचा.

"भाजीत मीठ बरोबर आहे का?" बायकोने विचारलं. पेला फरशीवर.

"माझा भाऊ म्हणत होता, दाजींनी आता आराम करावा." दुसरा पेला.

"अहो, देवाने तोंड दिलंय ना? त्याने बोला की!"

तो बोलायला लागला. भाजीबद्दल बोलला, भावाबद्दल बोलला, सासरच्या एकेकाची हजेरी घेतली. बायकोने कानावर हात ठेवले. "पेले फुटत होते तेच बरं होतं बाई."

पण खांदे ताब्यात आले. घरी जुन्या खिडकीच्या काचा त्याने हुकात पट्टी धरून कापून पाहिल्या. सरळ आल्या.

मग एके दिवशी पार्लरवाल्या बाई दुकानात आल्या, त्या भांडायलाच.

"मागच्या वेळी दिलेल्या आरशाची कड वाकडी! तिच्या अंदाजाने केस कापते, तर सगळ्या बायकांची एक बाजू आखूड होतेय. ते जुने कापणारे कुठे गेले?"

"ते... बसलेत," मेहुणा म्हणाला.

"मग उठवा."

काचवाला उठला. गोरा हात खसकन काढून त्याने मेहुण्याच्या हातात दिला. "धर जरा." मागे जाऊन हुक चढवून आला. मेहुणा तसाच उभा, दुसऱ्याचा हात हातात घेऊन, कुणी लग्नाचं विचारल्यासारखा.

दाराएवढा आरसा टेबलावर आडवा पडला. काचवाल्याने पट्टीचं टोक हुकात पकडलं, कटर तेलात बुडवला आणि ओढायला सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत रेघ कशी लोण्यासारखी गेली.

"सावकाश हं दाजी," मेहुणा कानाशी म्हणाला. "घाबरू नका. मी आहे."

मी आहे! खांदे ताडकन उडाले. हुक उघडला, पट्टी सरकली, रेघ गेली कोपऱ्यात आणि आरसा तिच्यावरून वाकडातिकडा तडकला.

"बघितलंत?" मेहुणा बाईंकडे वळला. त्याला आरशाचं दुःख फार झालेलं दिसलं नाही. "म्हणूनच मी यांना बसवून ठेवतो. बिचारे."

काचवाल्याने तोंड उघडलं. सवय झालीच होती. "हा हुक खांद्यावर चालतो. आणि तू बोललास की माझे खांदे उडतात. दुसरा आरसा काढ आणि इथून निघ."

"दुकान माझंय!"

"आणि आरसा माझाय," बाई म्हणाल्या. "मी कात्री चालवत असताना कुणी असं पुटपुटलं असतं ना, तर त्याचा कानच गेला असता. व्हा बाहेर."

मेहुणा निघाला. बसायला दाराशी खुर्ची एकच होती. तो टेकतो न टेकतो तोच फोन वाजला.

"हॅलो... हो, दुकान उघडंय... नाही हो, मालकच बोलतोय... कापतायत आत... नाही, मला आत जाता येत नाही."

आतून कर्रर्र आवाज आला, एका दमात. मग टेबलाच्या कडेवर टक्. बाईंनी आरशाच्या कडेला डोळा लावून बघितलं आणि आणखी तीन आरसे सांगितले, पण एका अटीवर. कापणारे हेच.

मेहुण्याने दारातून मान आत घातली. "दाजी, म्हणजे मग... उद्यापासून टेबलावर तुम्हीच?"

"आत्तापासून," काचवाला वर न बघता म्हणाला. "आणि आत यायच्या आधी दार वाजवत जा."