ऑरिनच्या पिकअपचं दार

माझ्या भावजयीला, आर्लिसला, पुरल्यानंतर चर्चच्या बायकांनी भावाच्या, ऑरिनच्या, स्वयंपाकघरात भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या पदार्थांचे इतके ट्रे आणून ठेवले, की चहाचा कप टेकवायलाही जागा उरली नाही. ऑरिन काही खात नव्हता आणि रडतही नव्हता. मनगट प्लास्टरमध्ये, नजर खिडकीबाहेर. मलाही रडू येत नव्हतं.

अपघात साधाच होता. कालवडी घेऊन दोघं बाजाराला निघाली होती. घाटाच्या उतारावर मागे जोडलेल्या कालवडींच्या ट्रेलरने जुन्या पिकअपला पुढे रेटलं. ब्रेक लागेनात आणि गाडी ओढ्यात गेली. तो वाचला, शेजारी बसलेली आर्लिस गेली. आता प्रश्न एकच होता: ऑरिनने झेपेल त्याहून जास्त वजन ओढलं का? ओढलं असेल, तर बायकोच्या मृत्यूचा खटला त्याच्यावर.

हा आरोप ऑरिनवर यावा, हीच थट्टा. आमच्याकडचे बाकीचे पुरुष गाडी जागची हलली की चालली म्हणतात. हा मात्र दर खेपेला ड्रायव्हरचं दार उघडून, त्याच्या कडेवर कंपनीने चिकटवलेल्या पट्टीवरचा, गाडीला किती वजन झेपतं तो आकडा मोठ्याने वाचायचा आणि त्यावरून ट्रेलरमध्ये किती जनावरं घालायची ते ठरवायचा. "बायबल वाचून झालं असेल तर निघायचं का?" असं आर्लिस आतून ओरडायची.

महामार्ग पोलिसांतला टस्कर दुपारी आला. आमच्याच खोऱ्यातला पोरगा, बापाला मी ओळखते. टोपी हातात धरून तो दारातच उभा राहिला. बसवलं तर खुर्चीच्या टोकावर बसला.

पट्टीच्या हिशेबाने वजन बरोबर होतं, असं तो म्हणाला. मला हायसं वाटलं. मग त्याने खाली बघत सांगितलं, की पट्टीवर छापलेला गाडीचा कारखान्याचा नंबर आणि पुढच्या काचेखाली कोरलेला नंबर जुळत नाहीत. दार दुसऱ्या गाडीचं आहे. रंग तोच, साल तेच, पण ती गाडी जड कामाची होती. ऑरिनच्या गाडीची ताकद आणि ब्रेक त्या मानाने फारच कमी.

मला तिथल्या तिथे कळलं. ऑरिन डाकोटात तेलाच्या विहिरीवर कामाला गेला होता, त्या हिवाळ्यात आर्लिसने गाडी फाटकाच्या खांबावर घालून दार चेपवलं होतं. तो परत यायच्या आत तिने भंगारातून तसंच दार आणून बसवून घेतलं. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, फक्त त्याला सोडून. पट्टीचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. दार म्हणजे दार.

"काका," टस्कर म्हणाला, "तुम्हाला न सांगता कुणी बदललं असेल तर तुमची चूक नाही. मी तसं लिहीन. पण तुम्हीच बदललं असेल, तर दुसऱ्या गाडीचा आकडा आहे हे तुम्हाला माहीत होतं, असा अर्थ होतो. मग माझ्या हातात काही राहत नाही. नीट आठवून सांगा."

पोरगा जवळजवळ विनवत होता. ऑरिनने प्लास्टरवरून बोट फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पण मी त्याची थोरली बहीण. त्याने ते दार मनात त्या हिवाळ्याशी जोडलेलं मला दिसलं.

"मीच बसवलं," तो म्हणाला.

टस्करने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेवरचा कागद सरळ करत राहिले. दोष मेलेल्या आर्लिसच्या नावावर जाऊ द्यायचा नाही, हे त्याने ठरवलं होतं; त्याचा जबाब होता, त्याची बायको होती. त्यात तोंड घालण्याचा मला काय अधिकार?

टस्करने लिहून घेतलं, सही घेतली आणि वकील बघा असं दोनदा सांगून तो गेला. त्याची गाडी रस्त्याला लागल्यावर ऑरिन माझ्याकडे वळला.

"ताई, तुला माहीत होतं?"

"हो."

"कशावर घातली होती?"

"फाटकाच्या खांबावर."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तू तिला परत गाडीला हात लावू दिला नसतास म्हणून."

मला वाटलं, तो म्हणेल, तसं काही नाही, दिला असता. निदान आज तरी म्हणेल.

"नसताच दिला," तो म्हणाला.