माणशी एक

निवृत्त झालेला नवरा बायकोच्या डोक्यावर मिरे वाटतो, हे तिला मैत्रिणींनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण हा बाबा मिरे वाटून थांबला नाही, त्याने पाटा-वरवंटासुद्धा देऊन टाकला!

जन्मभर गोदाम सांभाळलं त्याने. लोकांची खोकी मोजण्यात हयात गेली आणि घरी बसल्यावर साक्षात्कार झाला, की माणसाच्या सुखाच्या आड काय येत असेल तर ते सामान. कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू. पहाटे उठणं, गार पाण्याची आंघोळ, घास चावून चावून त्याचं पाणी करणं. ती म्हणाली, जाऊ दे, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस संपले आणि मग नियम आला: माणशी एक. घरात माणसं दोन, म्हणून ताटं दोन, पेले दोन, खुर्च्या दोन, उशा दोन. बाकी सगळं उंबऱ्याबाहेर.

"अहो, पाहुणा आला तर?"

"पाहुणा आपल्याला भेटायला येतो, खुर्चीला नाही."

असली वाक्यं त्याच्या तोंडात तयारच असायची. भांडून भांडून तिचा घसा बसला. एक शिवणाचा कोपरा तेवढा तिने राखला. ती घरीच लोकांचे कपडे मापात करून द्यायची, कुणाची कंबर आत घे, कुणाच्या बाह्या उसव. उरलेले तुकडे पोत्यांत भरून ठेवायची.

"या चिंध्यांचं काय करणार आहेस?" तो रोज विचारायचा.

"तुमच्या तोंडात बोळा घालणार आहे," ती रोज सांगायची.

पण गेल्या महिन्यात ती भावाकडे गेली काय, आणि याने लेकीच्या खोलीतला पलंग देऊन टाकला काय! म्हणे लग्न होऊन गेलेल्या मुलीचा पलंग उगाच जागा अडवतो. आता त्या खोलीला तो 'मोकळी खोली' म्हणायचा आणि सकाळी चटई टाकून तिथे डोळे मिटून बसायचा. तिला त्याची ती शांत मुद्रा पाहिली की हातातलं लाटणं फेकावंसं वाटे.

त्या सकाळी तो असाच डोळे मिटून बसला होता आणि फोन वाजला. लेक होती.

"आई, मी आले तर चालेल का? चार दिवस. अडचण नाही ना होणार?"

तिच्या हातातली कात्री थांबली. ही पोरगी घरात भिंगरी म्हणून ओळखली जायची. चपला काढायच्या आधी 'भूक लागली' म्हणून ओरडणारी. येऊ का म्हणून तिने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

"काय झालं गं?"

"काही नाही. आल्यावर बोलू. दुपारच्या गाडीने निघते."

तिने फोन ठेवला. तिकडे काहीतरी मोडलं होतं, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि आईला लेकीचा स्वभाव ठाऊक होता. तोंडाने फटकळ, पण आतून नुसती काच. आपल्याला इथे जागा नाही असं नुसतं वाटलं, तर 'सहज आले होते' म्हणून हसेल आणि जिथून पळून आलीय तिथेच परत जाईल. पुन्हा यायची नाही.

ती मोकळ्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "उठा. दिवे लावलेत ते निस्तरा आता."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "झोपेल की माझ्या चटईवर. जमिनीवर झोपणं पाठीला..."

"पाठीचं नाव काढाल तर बघा! तिने विचारलं, अडचण होईल का म्हणून. तुमच्या पोरीने."

तो चटईवरून उठला. "असं विचारलं?"

"असं विचारलं."

त्याने चपला घातल्या. तीही मागोमाग निघाली, कारण या माणसाचा काय भरवसा, जायचा पलंग आणायला आणि यायचा पायपुसणं देऊन.

पलंग वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना दिला होता. दार उघडलं आणि बाईंचा चेहरा फुलला. "काका, तुमचं ऐकलं आणि काय हलकं वाटतंय म्हणून सांगू! तो पलंग मी पुढे देऊन टाकला. माणशी एक!"

"कुणाला दिलात?"

"टेम्पो घेऊन आले होते कुणीतरी. नाव नाही विचारलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, दिलं की मागे वळून बघायचं नाही?"

त्याचं तोंड मुस्काटात बसल्यासारखं झालं. तिला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना.

देऊन टाकलेली खुर्ची कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे होती. न्हाव्याने ती लाल रंगवून, स्क्रूने जमिनीला पक्की करून टाकली होती आणि तिच्यावर तोंडभर फेस लावलेला एक गृहस्थ बसला होता. ज्या दुकानात या माणसाने तासतासभर साधेपणाचे धडे दिले, तिथे तो आता, "नाही, म्हणजे, ती जरा तात्पुरती," असं चाचरत होता. न्हावी बिचारा स्क्रू काढायला पेचकस शोधू लागला, तेव्हा तिनेच हात जोडले आणि नवऱ्याला बाहेर ओढलं.

"जगाला शहाणपण शिकवायला गेलात," ती रस्त्यात कडाडली, "आणि जग शिकलं! आता भोगा."

वाटेत तिने एक ताट, एक पेला आणि एक उशी विकत घेतली. ते सगळं काखेत धरून तो मुकाट्याने मागून चालत राहिला.

घरी येऊन तिने दोन जुने पडदे जोडून गादीची खोळ शिवली आणि चिंध्यांची पोती त्याच्यापुढे उपडी केली. "भरा. गोदामातली पोती भरल्यासारखी ठासू नका, मऊ राहू दे."

तो मांडी घालून भरत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "कडेला जरा जास्त भरतो. लोळत लोळत खाली यायची ती लहानपणी."

"हे आठवतं! आणि पलंग देताना नाही आठवलं?" ती ओरडली, पण दोरा ओवताना तिला नीट दिसेना.

दिवेलागणीला लेक आली. चार दिवसांना लागत नाही एवढी मोठी बॅग होती. तिने गादी बघितली, मग उघड्या भिंतींकडे बघत राहिली. आईने घाईघाईने ताटं वाढली. टेबलावर तीन ताटं ठेवली आणि तिच्या ध्यानात आलं. खुर्च्या दोनच! न्हाव्याकडून निघाल्यापासून खुर्ची साफ डोक्यातून गेली होती.

लेक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच राहिली. तिने खुर्च्या पाहिल्या, ताटं पाहिली. "तुम्ही बसा ना, मी मागून जेवते. मी तशी सकाळीच निघणार..."

तेवढ्यात तो न्हाणीघरातून बादली घेऊन आला. टेबलाशी उपडी टाकली आणि तिच्यावर बसला. हनुवटी जेमतेम ताटाच्या वर आली.

"बाबा, बादलीवर काय बसलात?"

"नवीन सवय लावतोय. पाठीला चांगलं असतं."

लेकीने आईकडे पाहिलं. त्याच्या एकेका सवयीच्या नावाने वर्षभर बोटं मोडणारी बाई क्षणभर घुटमळली. "हो गं बाई," ती म्हणाली, "वेड लागलंय त्यांना. कालपासून खुर्चीला शिवत नाहीत. बस तू."

लेक बसली. दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला तिला रडू फुटलं.

"मी चार दिवसांसाठी नाही आले गं, आई."

बादली करकरली.

"मग उद्या खुर्ची आणतो," तो म्हणाला. "माणसं तीन झाली. माणशी एक."

"आणि तुमच्या सवयीचं काय?" लेकीने नाक पुसत विचारलं.

"यांच्या सवयी ना? नव्याचे नऊ दिवस," आई करवादली, आणि हवाय का नको न विचारता तिच्या ताटात आणखी भात वाढला.