'बंद'वरचा अनुस्वार

छापखान्यात सगळे त्याला 'पूर्णविराम' म्हणत. मुद्रितं तपासण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. औषधाच्या खोक्यावरचे ऱ्हस्व-दीर्घसुद्धा दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. साहजिकच घरात त्याचा शब्द शेवटचा. थोरली बहीण तर शेजारणींना ऐकवायची, "माझा भाऊ सगळं छापून येण्याआधीच वाचतो."

या ताईला रक्तदाबाचा त्रास होता. तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोजच्या गोळीच्या जोडीला आठवड्यातून एक कॅप्सूल दिली. नेमका तेव्हाच याच्या टेबलावर ड जीवनसत्त्व आणि हृदय यांवरचा लेख तपासायला आला होता. जेवता जेवता हा बोलून गेला, "ताई, हृदयाला हेच चांगलं असतं. मी वाचलंय. ती बीपीची गोळी उगीच कशाला गिळतेस?"

ताईने गोळी सोडली. तीन आठवड्यांनी ओट्याशी उभी असताना तिच्या छातीत कळ आली आणि ती खाली बसली ती उठेचना.

"थोडक्यात निभावलं," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी बंद करायला कुणी सांगितलं?"

"मीच विसरले हो," ताई म्हणाली. भावाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तो मान वर करून भिंतीवरचा तक्ता वाचत राहिला.

"ड कमी होतं, ते मी भरून काढत होते," बाई समजावू लागल्या. "त्याने बीपीवाल्यांच्या हृदयाला खास फायदा होतोच, असं आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि समजा झालाच, तरी ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. बीपी दुखत-खुपत नाही ना, म्हणून माणसाला वाटतं, गोळीवाचून छान चाललंय."

दुसऱ्या दिवशी त्याने छापखान्यात त्या लेखाचा आपण तपासलेला कागद शोधून काढला. लेखकाचीच चूक सापडेल, अशी त्याला आशा होती. 'जीवनसत्त्व' या शब्दातला सुटलेला 'त' त्याने पाच ठिकाणी घातला होता. शेवटच्या परिच्छेदात ओळ होती: रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. 'बंद'वरचा अनुस्वार टंकताना राहिला होता, आणि तो लाल शाईने त्यानेच दिला होता!

अक्षर न् अक्षर तपासलं होतं, वाचलं मात्र काहीच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून जास्त लाज त्याला कालच्या गप्प बसण्याची वाटली.

तो तसाच दवाखान्यात गेला. "बाई, ताई विसरली नव्हती. मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

ताईने उशाखालची औषधांची नवी चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. "घे. आता नीट वाच. आणि कळलं नाही तर विचार, त्यात कसली लाज?"

त्याने एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि दोन ठिकाणी अर्थ विचारला.

वाचकहो, कुठेतरी अर्धवट वाचलेलं आपणही असंच मायेपोटी आपल्या माणसांना सांगतो, आणि ती बिचारी मायेपोटीच ते ऐकतात. गोळी सुरू करायची की थांबवायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपण हवं तर, हा भाऊ आता रोज सकाळी विचारतो तसं, एवढंच विचारावं, "ताई, गोळी घेतलीस का?"